चित्र येतंय, आवाज नाही

आत्याच्या फोनमधली बाई बोलायला लागली की आत्या मान फिरवून बसते. बाई बोलते खणखणीत, एकही अक्षर न गिळता, बातम्या देतात तसं. आत्याने टाइप केलेलं असतं, ‘मेल्या, पाय पूस आधी’, आणि ही बाई ते अशा थाटात सांगते की कुठेतरी पूल कोसळलाय असं वाटावं. आम्ही हसतो, आत्या हसत नाही. तिने त्या बाईचं नाव भवानी ठेवलंय.

घशाचं ऑपरेशन होऊन आता वर्ष उलटलं. स्वरयंत्र काढून टाकलं, आजारही त्याच्याबरोबर गेला असं डॉक्टर म्हणतात आणि फार खूश असतात. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल. आधी आत्या म्हणजे अखंड चालू असलेलं तोंड. दारात आलेल्या माणसाला पाणी देता देता ती त्याचं शिक्षण, नोकरी, पोटाच्या तक्रारी सगळं काढून घ्यायची आणि जाताना एक टोमणा बांधून द्यायची. माझी आई नोकरी करायची, त्यामुळे मी आत्याच्याच हाताखाली वाढले. वेणी तिची, पाढे तिचे, धपाटे तिचे. मी आता पन्नाशीला टेकलेय, स्वतःचं दुकान आहे, चार लोक मला ‘मॅडम’ म्हणतात, आणि तरी ‘अगं ए बावळट’ हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. ते आता नाहीच. मला त्याचा राग येतो. कुणावर काढावा कळत नाही म्हणून मी नवऱ्यावर काढते.

आता ती टाळ्या वाजवते. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे अक्कल गहाण ठेवलीस का. घरात एवढ्यावर भागतं. पण चार माणसांत बसली की पंचाईत. तिचं टाइप करून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. सगळे हवापाण्यावर आलेले असतात आणि भवानी मध्येच कुणाच्या तरी जावयाबद्दल बोलते. मग सगळे कसनुसं हसतात, आणि कोणीतरी मोठ्याने, सावकाश, ‘हो का आत्या?’ असं म्हणतं, जसं काही तिचे कानही काढलेत. हल्ली फोन पर्समधून बाहेरच येत नाही. ती बसते, बघते आणि लवकर उठून जाते.

दवाखान्यात तिच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. तरुण, उत्साही, त्यांना नुसतं बघूनच मला दमायला होतं. त्या एके दिवशी म्हणाल्या, “यांचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? असला तर फोनला तो शिकवता येतो. मग यांनी टाइप केलं की फोन यांच्याच आवाजात बोलेल. फक्त आवाज स्वच्छ हवा. मागे दुसरं कोणी बोलत असेल तर उपयोग नाही.”

मी आत्याकडे बघितलं. आत्या खिडकीकडे बघत होती.

“असेल,” मी म्हटलं. “शोधते.”

शोधते काय, डोंबल. आत्याने आयुष्यात कुणाला आवाजाचा मेसेज पाठवला नाही. ‘भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं,’ म्हणायची. लग्नाकार्यातल्या व्हिडिओंत ती दिसते, पण तिथे इतका गोंगाट की कोण काय बोलतंय पत्ता लागत नाही. फोटो पोतंभर सापडले. मी फोटोंच्या ढिगात बसकण मारून बसले होते, तेव्हा आत्यानेच कपाटाचा खालचा खण उघडला, एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

ही कॅसेट मला माहीत होती. आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, कधीतरी कंपनीतून एक कॅमेरा मिळाला होता. खांद्यावर घ्यायचा, चांगला वजनदार. तो आत्याने कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. त्यामुळे तिने काढलेल्या सगळ्या कॅसेटमध्ये आम्ही सगळे आहोत, आत्या कुठेच नाही. पण कॅमेऱ्यामागून ती सतत बोलत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बाकीच्या कॅसेट बुरशी लागून गेल्या होत्या, ही एकच उरली होती.

“दे इकडे, आठवड्यात करून देते,” मी म्हटलं. माझं हे असंच चुकतं.

एके काळी आम्ही दुकानात हेच काम करायचो. लोक कॅसेट आणायचे, आम्ही कम्प्युटरवर उतरवून द्यायचो. मग लोकांकडच्या कॅसेट संपल्या, त्या वाजवायची आमची मशीनं पार्ट मिळेनात म्हणून बंद पडली आणि भंगारात गेली. आता आम्ही लोकांकडे पहाऱ्याचे कॅमेरे बसवतो आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढतो. चालू अवस्थेतलं मशीन एकच राहिलं होतं, तेही आत्याच्या घरी, विणलेल्या रुमालाखाली. ते इतकं जुनं की त्याच्या मागून फक्त अँटेनाची वायर निघते. चित्र आणि आवाज दोन्ही त्याच एका वायरीतून. आत्याच्या नव्या टीव्हीला ती भाषा कळत नाही आणि नव्या कम्प्युटरला तर ती वायर घुसवायला जागाच नाही. मशीन उघडून आतून आवाज वेगळा काढता आला असता, पण एकदा उघडलेलं असलं मशीन परत धड चाललेलं मी पाहिलेलं नाही, आणि हे एकच होतं.

म्हणजे हवं होतं टीव्ही कार्ड. ते माळ्यावर सापडलं. कम्प्युटरच्या पोटात बसवायची हिरवी पट्टी, तिला अँटेना जोडली की टीव्ही कम्प्युटरवर दिसायचा आणि साठवताही यायचा. कुठल्या कंपनीचं ते देव जाणे, वर नुसतं वाघाचं स्टिकर. सोबत आलेली सीडी ज्या कम्प्युटरवर चालायची ते कम्प्युटर आता कुणाकडे नाहीत. कार्डाचं आणि कम्प्युटरचं बोलणं व्हायला मध्ये दुभाषा लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात, आणि या कार्डाचा दुभाषा कधीच वारला होता.

नशीब एवढंच की लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी कम्प्युटरवर घालता येते त्या फुकट प्रणालीत, अशा कार्डांसाठी एक ड्रायव्हर आहे, ओपन सोर्स. कुणीतरी कधीतरी बसून लिहिला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला, मग दुसऱ्या कुणीतरी सांभाळला, मग तिसऱ्याने. नोकरी, संसार, आजारपणं सांभाळून, फुकट. या लोकांना झोप नको असते की काय, मला कधी कळलेलं नाही.

मी एक जुना कम्प्युटर जुळवला, कार्ड बसवलं आणि आत्याचं मशीन आणायला नवऱ्याला पाठवलं. तर आत्या स्वतःच टॅक्सीतून मशीन मांडीवर घेऊन आली. कुणाला हात लावू देईना. टेबलावर ठेवलं, पदराने पुसलं, फोन काढला आणि भवानीकडून विचारलं, ‘कधी होईल?’

“ड्रायव्हर कामाला लागला की झालंच,” मी म्हटलं.

हे शेजारच्या शिंप्याने ऐकलं. दुपारी त्याचा मेव्हणा लायसन घेऊन हजर. “आजींना न्यायचं-आणायचं आहे म्हणे,” तो म्हणाला. “जड गाडीसुद्धा चालवतो मी.” त्याला चहा पाजून परत पाठवला. त्यानंतर नवरा रोज विचारायचा, “काय, आज ड्रायव्हर आला का कामावर?” पहिल्यांदा मी हसले होते.

आत्याची कॅसेट मी लगेच लावली नाही. जुनी फीत, दर वेळी वाजवली की थोडी झिजणार. चाचणीसाठी माळ्यावरचीच दुसरी एक घेतली, घरबसल्या व्यायाम शिकवणाऱ्या एका मास्तरांची. मशीन चालू केलं, कार्डाला चॅनल सांगितला, पडद्यावर आधी मुंग्या आल्या आणि मग मास्तर. पट्ट्यापट्ट्यांची पँट, कपाळाला फडकं, हात वर, हात खाली. रंगसुद्धा झकास. मास्तरांचं तोंड हलत होतं, पण आवाज नाही.

चित्र येतंय, आवाज नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. नव्वद टक्के वेळा आवाजाचं बटण कमी केलेलं असतं. मी बटण बघितलं. वायर बदलली. स्पीकर बदलला. मास्तर वाकत राहिले.

मग वाचायला बसले आणि कळलं ते असं. या सगळ्या कार्डांवर चित्र पकडणारी चिप एकच असते, म्हणून चित्र कसंही येतं. पण आवाज त्या चिपमधून जातच नाही. तो बाजूने जातो, एका बारक्या खटक्यातून, आणि तो खटका चिपच्या कुठल्या पायाला जोडायचा हे प्रत्येक कार्डवाल्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक यादी आहे. हे कार्ड असेल तर खटका असा दाबा, ते असेल तर तसा. आपल्या कार्डाचा यादीतला नंबर सांगायचा की आवाज सुरू. आमचं वाघछाप त्या यादीत नव्हतं.

मग काय, यादीतला एकेक नंबर देऊन बघायचा. दुकान तर बंद ठेवता येत नाही. कुणाचा प्रिंटर, कुणाचा कॅमेरा, मध्ये जरा उसंत मिळाली की नंबर बदल, कम्प्युटर बंद कर, चालू कर, मास्तरांना पुन्हा वाकव. एका नंबरला खरखर ऐकू आली, मला वाटलं आलाच, तर तो छताच्या पंख्याचा आवाज होता. जीव मेटाकुटीला आला. कंबर धरली. घरी गेले की नवरा समजूत घालायचा, “अगं, चित्र छान येतंय म्हणतेस ना? मग तेवढं दे आत्याला. बघून खूश होईल.”

“चित्रात आत्या आहे का?” मी ओरडले. “चित्रात मी आहे, दोन वेण्या घालून नाक पुसताना! मला शिकवायचंय का फोनला माझं नाक?”

त्याने आमटी वाढून घेतली. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं, दमलेल्या बायकोशी काय बोलावं हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

आणि आत्या रोज दुकानात यायला लागली. कोपऱ्यातल्या स्टुलावर, आपल्या मशीनजवळ बसायची. मी नाही म्हणून मान हलवली की तीही मान हलवायची. एरवी दोन टाळ्या हाणल्या असत्या. तिचं ते न रागावणं मला सहन होईना. म्हातारी एवढी आस लावून बसलीय आणि माझ्याच्याने एक आवाज निघत नाही.

“घरी जा ना गं,” मी एकदा खेकसले. “इथे ठाण मांडून बसलीस म्हणून येणारे का तो?”

ती गेली नाही. पर्समधून लिमलेटची गोळी काढून माझ्यापुढे ठेवली. मी गोळी तोंडात टाकली आणि वाघछाप कार्ड कम्प्युटरच्या पोटातून बाहेर ओढलं.

कार्ड उजेडात धरलं. भिंग घेतलं, मीटर घेतला, आणि त्या खटक्यापासून निघणारी एकेक बारीक रेघ कुठे जाते ते डोळे फुटेस्तोवर शोधलं. ओपन सोर्सचा हाच फायदा आहे आणि हीच शिक्षा. आत काय आहे ते सगळं दिसतं, आणि एकदा दिसलं की कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसायची सोय राहत नाही, कारण दुरुस्त तुम्हीसुद्धा करू शकता. मी यादी उघडली आणि अगदी शेवटी आमच्या वाघाची नोंद घातली. एकूण किती कार्डं झाली ते मोजलं आणि तो नंबर ड्रायव्हरला सांगितला. सगळं नव्याने तयार करून चालू केलं. मास्तर आले.

हात वर. हात खाली. चिडीचूप.

मी टेबलावर डोकं टेकलं. पलीकडे शिंप्याचं मशीन टकटकत होतं. रडू आलं नाही, रडायलाही अंगात थोडा जोर लागतो. आत्या मागून आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

हा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लोकांना मेल करता येते. मी सगळी कर्मकहाणी लिहून पाठवली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. देणाऱ्याचं नाव तिथे नुसतं ‘घुबड’ असं होतं आणि स्वभाव नावाला शोभणारा. ‘ही कार्डं अजून जिवंत आहेत?’ त्याने लिहिलं होतं. ‘मी हे काम सोडायचं कधीचं ठरवतोय. दर वेळी तुमच्यासारखं कोणीतरी उगवतं. लॉग पाठवा.’

लॉग म्हणजे कम्प्युटर सुरू होताना स्वतःशी जे पुटपुटतो ते. तो पाठवला. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं.

‘बाई, तुम्ही एकपासून मोजलंत का?’

मी ते वाचलं. परत वाचलं. मग कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की शिंपी उठून बघायला आला. यादी शून्यापासून सुरू होते! पहिल्या कार्डाचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. म्हणजे शेवटच्या कार्डाचा नंबर एकूण आकड्याहून एकने कमी. हे या विद्येत पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी, या धंद्यात केस पांढरे केलेली बाई, भाजीच्या जुड्या मोजाव्यात तशी मोजत बसले होते. मी सांगितलेला नंबर यादीत नव्हताच. आणि ड्रायव्हर तरी काही बोलला का? नाही. माझा नंबर बाजूला सारला आणि आपल्या अंदाजाने गाडी हाकत राहिला. लॉगमध्ये तसं लिहिलेलं होतं म्हणा, एका कोपऱ्यात. अगदी माझ्या नवऱ्यासारखं, एकदाच हळूच सांगायचं आणि नंतर ‘मी बोललो होतो’ म्हणायचं.

नंबर एकने कमी केला. मशीन चालू केलं.

“आणि श्वास सोडाऽऽ!” मास्तर गरजले. कपाटाच्या काचा हादरल्या. शिंपी पुन्हा धावत आला, आणि काय सांगू, आम्ही दोघांनी खरंच श्वास सोडला.

आत्या त्या दिवशी दवाखान्यात तपासणीला गेली होती. बरंच झालं. आधी एकटीने ऐकावं, मग तिला ऐकवावं असं मी ठरवलं. शटर अर्धं ओढलं, तिची कॅसेट घातली, रेकॉर्डिंग सुरू केलं.

तळं. तळ्याकाठी आम्ही सगळे, चटया, डबे. मी काठीने पाणी झोडपतेय. आई आहे, केवढी तरुण, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून. चित्र जरा हलतंय, आत्याच्या खांद्यावर कॅमेरा आहे ना. आणि आवाज आला. पुरुषाचा.

“त्या झाडाकडे घे जरा. उजेड बघ कसा पडलाय. हळू, हळू, घाई कसली? आता पोरीला घे. पाण्याने हिचं काय घोडं मारलंय कोण जाणे.”

“अहो, गप्प बसा ना,” हा आत्याचा आवाज, हसत. “सगळं ह्यात जातंय.”

“जाऊ दे की. कोण ऐकणारे?”

कोण हा बडबड्या? मला खरंच कळेना. मग कॅमेरा सगळ्या चटयांवरून फिरला, एकेक माणूस दिसलं, आणि तिथे एकच जण नव्हता. आतोबा.

आमचे आतोबा, जे लग्नात उभे राहिले तेव्हा नवरा मुका आहे की काय असं पाहुण्यांना वाटलं होतं. ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे आम्ही त्यांचं काही ऐकलेलं नाही. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली की आवाज कसा होता असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आणि इथे तो माणूस सुटला होता. आत्याच्या खांद्याला खांदा लावून, हळू आवाजात, तिच्यापुरतं. झाडं, ढग, माझे वडील कसे चालतात, डबा कुणी सांडला आणि नाव कुणावर आलं. आणि आत्या, जिच्यापुढे कुणाची मात्रा चालायची नाही ती आत्या, ऐकत होती. मध्येच हसायची, एखादा शब्द टाकायची, ‘हो का’, ‘काहीतरीच’, ‘पुरे’. तिचं एकटीचं, स्वच्छ, सलग असं एक वाक्य अख्ख्या कॅसेटमध्ये नव्हतं.

मागे दुसरं कोणी बोलत असेल तर उपयोग नाही. म्हणजे एवढा आटापिटा करून हातात भोपळा. आतोबांचा इतका राग आला मला! आयुष्यभर मूग गिळून बसलात, आणि तोंड उघडलंत ते नेमकं इथे?

मॅडमना फोन केला. त्यांचा उत्साह जसाच्या तसा. “पाठवा ना! त्या गृहस्थांचा आवाज पुसून काढता येतो. थोडा खरवडल्यासारखा वाटेल, पण यांचे सुटे सुटे शब्द मिळाले तरी थोडंफार जमेल.” थोडंफार. ठीक आहे, मी म्हटलं, तेवढं तर तेवढं.

आत्या आली तशी मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिचं तोंड बघत हळूहळू सांगायची ताकद नव्हती. “आवाज आला, आत्या. पण तुझा फारसा नाहीये. आतोबा बोलतायत, सारखे. मॅडम म्हणतात, त्यांना पुसून काढू, मग तुझं जे काही उरेल…”

दोन टाळ्या. शटरपलीकडे ऐकू जातील अशा.

“अगं, ऐकून तर घे. कॅसेट तशीच राहणार आहे, फक्त मॅडमना द्यायचं त्यातून…”

तिने फोन काढला. अक्षरं चुकत होती, ती पुसायची आणि परत लिहायची. मी थांबले. भवानी म्हणाली, “त्यांना हात लावायचा नाही.”

माझं डोकंच फिरलं. “मग मला एवढं कशाला राबवलंस? पाठीचा काटा ढिला झाला माझा! तुझ्या आवाजासाठी चाललं होतं ना हे सगळं? तू परत बोलावंस म्हणून? मला नकोय ही भवानी, मला तू हवीयेस, कळतंय का तुला? तुझा आवाज नकोय का तुला?”

शिंप्याचं मशीन थांबलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा खाली मान घालून टाइप करायला लागली. या वेळी एकही अक्षर पुसलं नाही.

“माझा आवाज मला पाठ आहे,” भवानी म्हणाली, एकही अक्षर न गिळता. “ह्यांचा विसरत चालले होते.”

मी स्टूल ओढलं, तिला बसवलं. हेडफोन द्यायला गेले तर तिने नको म्हणून हात केला, म्हणून स्पीकरच मोठा केला. आता कॅसेट झिजायची भीती नव्हती, सगळं कम्प्युटरवर उतरलं होतं.

तळं आलं. आतोबा बोलायला लागले. आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटून, कान स्पीकरकडे करून बसली होती, आणि तळ्याकाठची आत्या हसली की हिचे खांदे हलायचे. मी शेजारी जमिनीवर बसले. कधीतरी तळ्याकाठी सगळ्यांनी चटया गुंडाळल्या, डबे आवरले. कॅमेरा अजून चालूच होता. वाटेने परतणारी आमची पाठमोरी डोकी, आणि मागे ही दोघं.

“दमलीस का गं?” आतोबांनी विचारलं. “दे तो इकडे. सकाळपासून खांद्यावर आहे तुझ्या.”

“छे,” कॅमेऱ्यामागची आत्या म्हणाली. “मी कशाला दमतेय?”

शेजारच्या आत्याने हात वर केला. मी थांबवलं. तिने बोटाने खूण केली, मागे, अजून थोडं मागे. मी मागे नेलं. ‘दमलीस का गं?’ तिने पुन्हा हात वर केला आणि मी तिथेच थांबवलं, तिच्या उत्तराच्या आधी.

तिने फोन मांडीवर घेतला. सावकाश टाइप केलं. मग तो माझ्याकडे नाही, स्पीकरकडे धरला.

“हो,” भवानी म्हणाली. “फार दमले हो आता.”